आधी नवा, मग जुना

विमा कचेरीत त्याला सगळे दारवान म्हणायचे. दारावर तो कधी उभा राहिला नव्हता. तो नेटवर्क सांभाळायचा. भिंतीतल्या प्रत्येक पोर्टला, म्हणजे वायर खोचायच्या खाचेला, त्याने एकेका कॉम्प्युटरचा नंबर शिकवून ठेवला होता. दुसरं कुठलं यंत्र जोडलं की पोर्ट जागच्या जागी बंद, आणि मग दारवानाच्या नावाने शंख. एकदा खुद्द मोठ्या साहेबांनी घरचा लॅपटॉप आणून जोडला आणि आरडाओरडा सुरू केला. "साहेब, पोर्ट हुद्दा बघत नाही, नंबर बघतं," हा शांतपणे म्हणाला. ते वाक्य पुढे वर्षभर कॅन्टीनमध्ये फिरत होतं.

सोमवारी त्याच साहेबांनी बोलावून सांगितलं, की नेटवर्कचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलंय, शुक्रवार तुमचा शेवटचा दिवस. अठरा वर्षांची नोकरी चहा गार व्हायच्या आत संपली. त्याला राग यायला हवा होता. काहीच आलं नाही. रोज सकाळी तो डबा घेऊन निघायचा, संध्याकाळी परत यायचा, आणि बायकोला सांगायचं तेवढं राहून जायचं. जिना चढताना ठरवलेलं असायचं, पण तिने दार उघडलं की तो डबा तिच्या हातात देऊन हातपाय धुवायला जायचा.

शुक्रवारी सकाळी एजन्सीचा माणूस येऊन सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या नेटवर्क स्विचच्या खोलीची किल्ली घेऊन गेला. तो रुजू होणार सोमवारी. याच्याकडे एकच काम उरलं: स्विचच्या सेटिंग फक्त जिथून बदलता येतात, त्या पोर्टच्या यादीत आपल्या लॅपटॉपऐवजी त्या माणसाच्या लॅपटॉपचा नंबर घालायचा. हाताखाली येईल त्याच्याकडून यानेच घोकून घेतलं होतं, आधी नवा घाला, मग जुना काढा.

त्याने आधी स्वतःचा काढला.

पोर्टचा हिरवा दिवा गेला. ते त्याच्या लॅपटॉपला आत घेईना. आता नवा नंबर घालायचा तर थेट स्विचलाच वायर लावायला हवी होती, आणि त्या खोलीला कुलूप. दुसऱ्या कोणाची तरी चूक बघावी तसा तो बघत बसला.

"असू द्या," त्याने जाऊन सांगितल्यावर साहेब म्हणाले. "सोमवारी ते बघतील. तुम्ही निघा, उगाच ताटकळू नका."

भर दुपारी त्याला दारात बघून बायकोचा चेहरा उतरला.

"अहो, बरं वाटत नाहीये का?"

"नोकरी गेली."

"काय बोलताय? कधी?"

"सोमवारी कळलं. आज काढलं यादीतून."

"कोणी काढलं?"

"मीच," तो म्हणाला. "मीच काढलं मला."

ती मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. आता आपल्यालाही रडू येईल म्हणून तो तिच्याशेजारी बसून वाट बघत राहिला. आलं नाही. त्याला फक्त तिचा हेवा वाटला.