कौल न देणारा गुरव

वॉर्डातली सकाळची इंजेक्शनं उरकून हात धूत होते, तेवढ्यात मावशीनं माझ्या नावाचं इनलँड आणून दिलं. वरचं अक्षर बघितलं आणि ओल्या हातानंच पत्र फोडलं. ते आबांचं अक्षर होतं, माझ्या वडिलांचं. पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत निघालेला हा माणूस. मी सांगलीला आल्याला पाच वर्षं झाली, तेवढ्या काळात त्यांनी मला कधी एक ओळ लिहिली नव्हती. सुट्टीत घरी गेले तरी ‘जेवली का ती’ एवढंच, तेही आईकडे बघून. पत्रात दोनच ओळी. ‘तात्या गुरव सोमवारी पहाटे झोपेत गेला. तुला कळवणं भाग आहे.’ मी तिथंच मोरीपाशी उभी राहून रडले. मेट्रन म्हणाल्या, “कोण गं? जवळचं कुणी?” मी म्हटलं, “आमच्या गावचा गुरव.” देवळातल्या पुजाऱ्यासाठी एवढं रडतात होय, असा त्यांचा चेहरा झाला. त्यांना तेव्हा सांगता आलं नाही. आता महिन्याभरानं सांगते. मला केसपेपर लिहायची सवय, लेख लिहायची नाही. तेव्हा वेडंवाकडं झालं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव पाटणच्या वर, डोंगराच्या उतरणीला. गावात भैरोबाचं देऊळ आणि त्या देवळात तात्या. उंच, काटकुळे, तोंडाचे महा फटकळ. सकाळी गाभाऱ्याचं दार उघडताना देवालासुद्धा सोडायचे नाहीत. “उठा आता, लय झोपलासा!” म्हणायचे. आणि आमच्याकडे कौलाशिवाय पान हलत नसे. विहीर कुठं पाडायची, पोरगं भरतीला पाठवायचं का, सोयरीक जमवायची का मोडायची, सगळं भैरोबाला विचारायचं. म्हणजे तात्यांनी देवाला आंघोळ घालायची, शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या छातीवर एक उजवीकडे, एक डावीकडे चिकटवायची आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. झालं, त्याच्यावर अपील नाही. बायकांनी मात्र हे सगळं बाहेर खांबापाशी उभं राहून बघायचं. गाभाऱ्याचा उंबरा आम्हाला बंद होता.

आमच्या भागात मोठा भूकंप झाला, त्याच्या आधीच्या दिवाळीत गावातल्या एका शेतकऱ्यानं कौल लावला होता. घराची मागची भिंत फुगलीय, बायकापोरं घेऊन मळ्यातल्या खोपीत राहायला जाऊ का? डावी पाकळी पडली. तो घरातच राहिला, आणि भूकंपात ती भिंत त्याच्या बायकोवर आली... तात्या दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात. कौल लावायचं काही थांबलं नाही, गाव थांबू देतंय होय! पण गाऱ्हाणं घालताना तात्यांचा आवाज पहिल्यासारखा चढत नव्हता. मी तेव्हा शाळकरी पोर, मलाही ते जाणवायचं. कारण मात्र कळत नव्हतं.

मी अकरावी पास झाले आणि कुणाला न विचारता सांगलीला नर्सिंगचा अर्ज टाकला. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा घरात जो गहजब झाला, विचारू नका! आबा म्हणाले, “परक्या बाप्यांची अंगं पुसायला माझी पोर जाणार न्हाई.” मी पण त्यांचीच लेक. म्हटलं, “आबा, तुमच्या मांडीला गोळी लागली तवा पट्टी कुणी बांधली?” तर म्हणतात, “त्या लोकांच्या पोरी हुत्या.” घ्या! आठ दिवस धुसफूस चालली. शेवटी आबांनी तोड काढली. भैरोबाला विचारायचं. उजवी दिली तर जा, डावी दिली तर कराडचं स्थळ पक्कं, फाल्गुनात लगीन. आणि विचारायचं कधी, तर मुलाखतीच्या आदल्या दिवशी! फाट्यावरून कराडला जाणारी एसटी दिवसाला एकच, दुपारी बाराची. ती चुकली की सांगली चुकली. आईनं न बोलता माझी दोन लुगडी पिशवीत भरली आणि पिशवी परसात लपवून ठेवली.

सकाळी देवळात आबा, चुलते आणि चार पंच जमले. मी खांबापाशी. तात्यांनी देवाला आंघोळ घातली, पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. सगळे टक लावून बसले. पाव तास झाला, अर्धा तास झाला. एकही पाकळी हलेना. चुलते म्हणाले, “देव रुसला.” नारळ फोडला. नवा कापूर लावला. पाकळ्या आपल्या जागच्या जागी! साडेदहा वाजले, अकरा वाजले... देवा, डावी तर डावी, पण काहीतरी पाड, असं झालं मला. तात्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. एकदम ते बाहेर आले आणि उंबऱ्यावर फतकल मारून बसले. “हवालदार, देव रुसल्याला न्हाई. पडतील कशा? डिंकानं चिकटवल्यात म्या.”

कुणाला काही कळेचना. मग एकच कालवा उठला. एक पंच तर अंगावरच धावला. तात्या बसल्या जागेवरनं हलले नाहीत. “तीस वरसं पाण्यानं लावल्या. पाणी कमी झालं तर ही पडती, जास्ती झालं तर ती. हे माझ्या बोटाला ठावं हाय, देवाला ठावं असंल-नसंल. त्या भित्तीखाली बाई मेली तवापासनं मला सुख न्हाई गड्यांनो. आता ह्या पोरीचं बरंवाईट माझ्या बोटावर नगं. उजवी पाडू म्हणलं तर तुमच्यासंगं लबाडी हुती, डावी पाडू म्हणलं तर हात उठंना.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “सुमे, आत जा. तुझं तू इचार.”

“बाईमाणूस? गाभाऱ्यात?” चुलते ओरडले. तात्या म्हणाले, “त्याला चालतंय का न्हाई ते त्यो बघून घील. काय वंगाळ झालं तर माझ्यावर.” आबांनी माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी तात्यांकडे बघितलं... आणि हात सोडला. कौल पडलाच नव्हता, मग कशाच्या जोरावर अडवणार?

आत अंधार होता. तेलाचा, ओल्या दगडाचा वास. लहानपणापासून लांबून बघितलेला भैरोबा एवढासा होता, माझ्या कमरेइतका! मला हसूच आलं आणि भीती पळाली. मांडी घालून त्याच्यासमोर बसले आणि विचारायला तोंड उघडलं, तर कळलं की मला विचारायचं काहीच नाहीये. मी जाणारच होते. हे कुणाला तरी खरंखरं सांगायचं तेवढं राहिलं होतं. म्हटलं, “देवा, मी निघाले. ध्यान ठेव.” एवढंच. पण त्यानंतर आतून जे मोकळं मोकळं वाटलं ना, ते आजतागायत कुठल्या पूजेनं की उपासानं वाटलं नाही. बाहेर आले तर चुलत्यांनी विचारलं, “काय म्हणला देव?” मी म्हटलं, “मी चाललेय.” तात्या ताडकन उठले. “आगं मग पळ की! गाडी काय तुझ्यासाठनं थांबतीया?” आईनं परसातनं आणलेली पिशवी उचलून माझ्या पुढं तेच पळत होते. आबा आले नाहीत. पण एसटी मिळाली, मुलाखत झाली आणि यादीत माझं नाव लागलं!

मग पंचांनी बैठक घेतली, गुरवाची सेवा काढून घ्यायची म्हणून. तात्यांनी गाभाऱ्याची किल्ली मधोमध ठेवली. “घ्या. फकस्त नव्या गुरवाला आधी इचारा, पाणी लावतोस का डिंक.” एकानंही किल्लीला हात लावला नाही! तेव्हापासून कौल बंद. कुणी प्रश्न घेऊन आलं की तात्या आत घोंगडं अंथरायचे, दार अर्धं लोटायचे आणि म्हणायचे, “बस. घाई करू नगं.” बाई असो, बाप्या असो, कुठल्या आळीचा, कुणाचा कोण, काही विचारायचे नाहीत. पहिल्यांदा लोक बिचकले. मग एक सासुरवाशीण बसली, मग तिची सासू. एक म्हातारा बाहेर येऊन कुरकुरला, “देव काय बोलला न्हाई.” तात्या म्हणाले, “तू तरी बोललास न्हवं? मग झालं तर.” मी एकदा सुट्टीत त्यांना छेडलं होतं, “तात्या, कौल सोडला म्हंजी देव पण सोडला म्हणायचा का?” तर माझ्यावरच डाफरले. “सोडतोय कशाला? आत्ता कुटं त्याची नि माझी गाठ पडलीया. इतकी वरसं लोकांच्या नि त्याच्या मधी मीच उभा हुतो, माझी पाठ त्याच्याकडं.” हे मला कुठल्याही कीर्तनात मिळालं नव्हतं.

तेराव्याला मी गावी गेले. जेवणं झाल्यावर देवळात बैठक बसली. तात्यांना मूलबाळ नव्हतं. पुतण्या आला होता, पूजा घ्यायला तयार होता. एक पंच खाकरून म्हणाला, “पूजा घे, पण कौल बी चालू कर बाबा. समद्यांनी आपल्या मनानं चालाय लागलं तर गाव ऱ्हाईल का?” चार माना हलल्या. म्हणजे माणूस गेला आणि तेराव्या दिवशीच सगळं परत पहिल्यासारखं? मी बोलणार तेवढ्यात आबा उठले. त्या कौलाच्या दिवसापासून पाच वर्षं हा माणूस देवळाची पायरी चढला नव्हता, रस्त्यावरूनच हात जोडायचा. त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, गाभाऱ्यात गेले आणि दार लोटून घेतलं.

बराच वेळ गेला. आबा आले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. चुलत्यांनी सवयीनं विचारलंच, “काय म्हणला देव?” आबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “सुमे, त्या दिवशी मीच तुला जा म्हणाय पायजे हुतं. देवाच्या आड लपलो मी.” एवढं चारचौघांत बोलले आणि वळून पुतण्याला म्हणाले, “किल्ली तुझी. दिवा लाव, आंघोळ घाल. पाकळ्या लावायच्या न्हाईत. आन आत कोण बसलं असलं तर कितीबी येळ हू दे, बाहीर थांबायचं.” पुतण्यानं मान डोलावली आणि सांजेचा दिवा लावायला म्हणून गाभाऱ्याकडे वळला, तो तसाच थबकला. दार अर्धं लोटलेलं होतं. आबा बोलत होते तेवढ्यात खांबापाशी उभी असलेली माझी आई कुणाच्या नकळत आत जाऊन बसली होती. जन्मात तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला. आत ती हळू आवाजात काहीतरी सांगत होती.

आम्ही सगळे बाहेर थांबलो.