खिडकीबाहेरची बोटं

बुद्धप्रिया सोलापुरातल्या एका फोटो स्टुडिओत निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवून गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचे डाग घालवायची. ते काम बंद पडलं तेव्हा ती कॉम्प्युटर शिकली आणि तेच काम माऊसनं करू लागली. तैलरंग मात्र तिनं स्वतःसाठी ठेवले होते. रविवारी घरी बसून अगदी बारीक ब्रशनं रंगवायची.

त्रेचाळिसाव्या वर्षी तिनं एक मोठं चित्र पुरं केलं. त्याला चौदा महिने लागले. शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्यावर क्रोशाचा रुमाल, पडद्यावर उडणारा मुकुटवाला वीर, समोर चटईवर बसलेल्या पोरांची डोकी. आणि या सगळ्याच्या अलीकडं खिडकीचे गंजलेले गज, त्यातल्या एकाला धरलेली चार लहान बोटं. हा फोटो नाही, हे सांगूनही लोकांना पटत नसे.

बोटं तिचीच होती. ती सात वर्षांची असताना वस्तीजवळच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही होता. एका रविवारी ती आत जाऊन सगळ्यांबरोबर बसली. ती पलीकडच्या बौद्ध वस्तीतली आहे हे कळताच घरच्या काकूंनी दंडाला धरून तिला उठवलं आणि तिच्यादेखत चटई धुवायला काढली. पोरं फरशीवर सरकून पुढचं बघत राहिली. त्यानंतर वर्षभर ती खिडकीतूनच बघायची. आई नागूबाई म्हणायची, तितं जाऊ नको. तरी जायची, कारण तो वीर उडायचाच इतका छान. स्वतःच्या त्या जाण्याचाही तिला राग होता.

चित्राला तिनं नाव दिलं होतं 'बाहेर'. ते शहरातल्या वार्षिक चित्रप्रदर्शनात लागलं, पण आयोजक शरणप्पा यांनी तिला न विचारता पाटी लावली, 'सोनेरी दिवस'. लोक पुढं उभे राहून सेल्फी घेत, काय मजा होती तेव्हा म्हणत. बुद्धप्रियानं जाब विचारला, तर शरणप्पा म्हणाले की लोकांना गोड आठवणी आवडतात.

तिसऱ्या दिवशी सोमेश आला. त्याच घरातला मुलगा, आता टीव्ही-फ्रिजच्या शोरूमचा मालक. आपलं घर त्यानं ओळखलं होतं, तिला नाही. चित्र शोरूममध्ये लावायचंय म्हणाला, फक्त गज आणि बोटं तेवढी रंगवून झाकायची.

"ती बोटं माझी हायत," ती म्हणाली. "तुमच्या आईनं मला उठवून चटई धुतली. तुम्ही पहिल्या ओळीत होता."

सोमेशचा चेहरा पडला. तो हळूच म्हणाला, "आई आता नाही, ताई. जुनं कशाला उकरायचं?"

"जुनं विकत घ्यायला तुम्हीच आलात की."

तो निघून गेला. बुद्धप्रियानं पाटी उपटली आणि तिच्या मागच्या बाजूला मार्करनं गल्ली, साल आणि चटईची गोष्ट लिहून तीच भिंतीवर लावली. शरणप्पा धावत आले, वाद नको म्हणाले. मग तिनं चित्रच उतरवलं आणि भर दुपारी रिक्षात आडवं धरून नेलं.

पुढच्या वर्षी तिला बोलावणं आलं नाही. चित्र आता तिच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत आहे. तिची मुलगी काव्या एकदा म्हणाली, सांगून टाकलंस, आता तरी शांत वाटत असेल. बुद्धप्रिया म्हणाली, नाही, आणि मला शांत व्हायचंही नाही.