बाकाची डावी कड

नववीच्या दिवाळीनंतर मला शाळेत जाता येईना. जायचं नव्हतं असं नाही. वेणीफणी करून, दप्तर घेऊन निघायचे आणि फाटकाशी पोचले की छातीत असं धडधडायचं की हातपाय गार पडायचे. वर्गात सरांनी नुसती नजर टाकली तरी श्वास पुरायचा नाही. दवाखान्यात म्हणाले, पोरीला काही झालेलं नाही. आईनं मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. चुलती म्हणाली, नाटकं आहेत. तिच्यावर मी इतकी चिडले होते की अजून तिच्या हातचा चहा मला गोड लागत नाही.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. साखर कारखान्यानं माळावर चारा छावणी उघडली, तेव्हा आमचे दादा, म्हणजे माझे वडील, गाई-बैल घेऊन तिकडंच राहायला गेले. जाताना त्यांनी मलाही बरोबर घेतलं. "जनावरात ऱ्हाईल चार दिस. त्यांच्याशी बोलावं लागत न्हाई," एवढंच ते आईला म्हणाले.

आणि खरंच तिथं बरं वाटलं. गाईच्या पाठीवर हात ठेवला की छाती शांत व्हायची. पण ज्या वर्गाच्या दारात माझा जीव जायचा, त्याच वर्गासाठी जीव तुटायचा. हे सांगणार कुणाला?

एकीला सांगता यायचं. माझ्या बाकावरची मैत्रीण, आमच्याच गल्लीतली. ती डावखुरी. उलटं बसलो की लिहिताना दोघींची कोपरं भांडायची, म्हणून पाचवीपासून बाकाची डावी कड तिची, उजवी माझी. दर रविवारी ती डेअरीच्या टेम्पोत, दुधाच्या कॅनांमध्ये बसून छावणीत यायची आणि आठवडाभराचं सगळं शिकवायची. शिकवायची म्हणजे काय, नक्कलच करायची. इतिहासाच्या सरांसारखी ढेरी पुढं काढायची, भूमितीच्या बाईंसारखी नाकावरून बघायची. आमच्या गाईला विचारायची, "सांग गं, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज किती?" गाय मान हलवायची. "बघ, हिला येतंय. तुलाच कावून येत न्हाई?" मी पोट धरून हसायचे. तिच्यापुढं मला कधी धडधडलं नाही.

वार्षिक परीक्षा माझी बुडाली. हेडसरांनी जूनमध्ये पुन्हा बसवायचं कबूल केलं. पास झाले तर दहावी, नाहीतर शाळा सुटली. आणि शाळा सुटलेल्या पोरीचं आमच्याकडं काय होतं ते ठरलेलं. ऊस तोडायला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम विचारत नाही. म्हणून दसऱ्यानंतर टोळ्या निघायच्या आत पोरांची लग्नं उरकायची घाई.

मे महिन्यात आष्टीकडचे पाहुणे थेट छावणीतच आले. पोरगी घरी बसलीय म्हणजे लग्नाचीच, असं त्यांनी धरलं होतं. दादांनी पाणी दिलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "पोरगी आजारी हाय."

"काय झालंय?"

"मनाला झालंय. अंगाला न्हाई."

आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं. असं बोललं की पोरीचं पुढं कुठं जमत नाही, हे दादांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी बोलले. इतक्या महिन्यांत मला आजारी म्हणणारे ते पहिलेच. मी गाईच्या आडोशाला बसून रडले, बरं वाटून रडले. पाहुण्यांतली बाई उठताना म्हणाली, "मग काय उपेग? आमाला धडधाकट पायजे."

पुढं दोन रविवार मैत्रीण आली नाही. तिसऱ्या रविवारी आली, पण नक्कल केली नाही. नुसती प्रमेयं म्हणून घेतली, चुकले तर चिडली. टेम्पोवाला हॉर्न द्यायला लागला तेव्हा म्हणाली, "बाकावर जाऊन बस बघ. धडधडलं तर धडधडू दे. मरत न्हाई कुणी धडधडून."

"तू शेजारी असल्यावर कशाला धडधडेल?"

तिनं माझ्या केसांतली वैरणीची काडी काढली आणि टेम्पोत चढली.

मी परीक्षा दिली, पास झाले. घरी आले तर आई म्हणाली, ती मामाच्या गावाला गेलीय. सुट्टीत सगळेच जातात. दहावीच्या पहिल्या दिवशी फाटकाशी छाती धडधडलीच, पण आत ती असेल, एवढ्यावर पाय टाकत गेले. बाक रिकामा होता. तिची कड सोडून मी उजवीकडं बसले. दुसरा तास सुरू झाला तरी ती नाही. मागची पोरगी कुजबुजली, "तुला म्हाईत न्हाई? तिचं लगीन झालं की. मामाच्या गावाला, घाईघाईत. आष्टीकडं दिली."

तेच पाहुणे. छावणीतून उठून ते आमच्या गल्लीत गेलते, आणि तिला कसलाच आजार नव्हता. घरी सगळ्यांना माहीत होतं. मला पुन्हा धडधडेल म्हणून आईनं लपवलं.

त्या दिवशी मी बाकावरून उठले नाही. तिनं बस म्हणून सांगितलं होतं. दहावी झाले, पुढंही शिकले. धडधड अजून कधीमधी येते, पण आता तिला औषध आहे, डॉक्टर आहेत. मैत्रिणीचे आईबाप नंतर कर्नाटकातल्या कारखान्याकडं गेले ते तिकडंच राहिले. माहेरच उरलं नाही, तर ती येणार कुठं? थंडीत उसाच्या फडाशेजारून गाडी गेली की मी बायकांचे हात बघते, कुणाचा कोयता डाव्या हातात आहे का ते. तिची लई आठवण येते.

आणि एक खोड राहिलीय. दोघींची जागा असली की मी आपोआप उजव्या कडेला सरकते. परवा एसटीत शेजारची बाई म्हणाली, "अहो, एवढी जागा आहे, नीट बसा की."

नीटच बसलेय, म्हटलं मी.