आत्याबाईंची लाज आणि अडकलेलं आतडं

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. अंगानं नुसती काडी. हळद शिजवायच्या दिवसांत त्यांचा गुडघा धरला, तेव्हा आमच्या कुरुंदा गावातल्या बायकांनी आपापल्या घरचं तेल आणून दिलं. खरं दुखत होतं मांडीच्या आतून. पण ती जागा चारचौघांत सांगायची नाही, म्हणून कळ जिथवर उतरायची तो गुडघाच त्यांनी सगळ्यांपुढे केला. वसमतच्या डॉक्टरनं गुडघ्याचा फोटो काढला. फोटो चांगला आला.

मग पोट फुगलं, उलट्या लागल्या. नांदेडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्कॅनिंग करून सांगितलं, कमरेच्या हाडात खाली एक छिद्र असतं, त्यात आतडं शिरून अडकलंय, मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरणारी कळ त्याचीच. मांस झडलेल्या म्हाताऱ्या बायकांना असं होतं. आतडं अजून ताजं दिसतंय, आधी बाहेरूनच सारून बघू. जागेवर गेलं तर नंतर बारीक भोकांतून जाळी बसवता येईल. नाही गेलं तर आजच पोट फाडावं लागेल, आणि या वयात भरवसा देता येत नाही.

नणंदेला पटेना. "दाबायलाच आनलं व्हय नांदेडला? दाबायला आपल्या गावची सुईन काय वाईट व्हती?"

डॉक्टरीणबाईंनी मांडीवर सोनोग्राफीचं यंत्र धरलं, पाय वाकवला, फिरवला, हळूहळू दाबलं. आतडं आत सरकलं. "आता वारा सरला की सांगा," त्या म्हणाल्या. "आतडं चालू झाल्याची तीच खूण."

जन्मभर जी गोष्ट लपवली, तिची आता सगळं घर वाट बघत बसलं. उशाशी मुलगा, पायथ्याशी लेक. दुपारी ते दोघं चहाला गेले आणि मी चादर बदलताना खूण झाली. चांगली ऐकू येईल अशी. मी खिडकीकडे बघितलं. मला वाटलं, त्या सांगतील.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, सरला का वारा?"

आत्याबाईंनी मुलाकडे बघून पदर ओढला. "न्हाई बाई."

"मग थांबण्यात अर्थ नाही. फाडायची तयारी करते."

ह्यांचा चेहरा उतरला. मी आत्याबाईंकडे बघितलं, तर त्यांनी माझ्यावर डोळे वटारले. मरण पत्करलं होतं बाईनं.

"तू काहून अशी बघून राहिली?" ह्यांनी मला विचारलं.

ह्यांच्यापुढे मी कधी मोठ्यानं शिंकलेही नव्हते. तरी मी म्हणाले, "झालंय. दुपारीच. दोनदा."

"वैनी, तुमी मोजून राहिल्या व्हय?" नणंद म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबत पोटाला नळी लावून ऐकलं, परत एकदा सोनोग्राफी केली, आणि तयारी थांबवली. काही दिवसांनी बारीक भोकांतून जाळी बसली. घरी येईपर्यंत आत्याबाई माझ्याशी बोलल्या नाहीत.

आता त्या भाकरी खातात आणि भेटायला आलेल्या बायकांना डॉक्टरीणबाईंचे गुण सांगतात. परवा एकीनं विचारलं, "सून व्हती का संगं?"

"व्हती की," आत्याबाई म्हणाल्या. "पन तिच्या तोंडातून कुटं शब्द निघतो?"

मी मान खाली घालून चहा दिला.