बुडाची काजळी

आमची कंपनी प्रदर्शनं उभारून देते. स्टँड, काचा, दिवे, बोर्ड, सगळं. अबू धाबीत आयर्लंडचं एक प्रदर्शन येणार होतं, आणि त्यातली सगळ्यात जड वस्तू माझ्या गळ्यात पडली. तिकडच्या जुन्या दुष्काळात उपाशी लोकांसाठी सूप शिजवायची लोखंडी देग, म्हणजे भलंमोठं हंडं.

देगेबरोबर आयर्लंडमधल्या संग्रहालयाच्या बाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, पूर्वी ही देग संग्रहालयाच्या फाटकापाशी असायची, हिरवा रंग फासलेली, वर फुलझाडं. पर्यटक शेजारी उभे राहून फोटो काढायचे. पुढे आत नेली, तर बाजूला मेणाची गुबगुबीत बाई हसत सूप वाढतेय. उपाशी माणूस कुठे दिसायचाच नाही. या बाईंनी भांडून ते सगळं हटवलं, रंग उतरवला. बुडाला मात्र रंग कधी पोचलाच नव्हता. तिथे अजून दुष्काळातल्या त्या चुलीची काजळी होती. "खरं म्हणून एवढंच उरलंय," त्या म्हणाल्या. म्हणून लोकांना बूड दिसेल असा स्टँड हवा होता.

मापासाठी देग उम्म अल कुवैनच्या आमच्या वर्कशॉपमध्ये ठेवली. तिथले फोरमन चाचा रत्नागिरीचे, कामाला जीव लावणारे. मी फोनवर म्हटलं, "चाचा, बूड सगळ्यांना दिसणार आहे हां, नीट सांभाळा." मी मेलीनं एवढंच सांगितलं. काजळी कसली ते सांगायला काय तोंड शिवलं होतं माझं?

सकाळी बाईंना घेऊन पोचले. चाचा दारातच उभे, चेहरा फुललेला. आत देग चकाचक. ग्राइंडरला वायरब्रश लावून बूड घासलेलं, वर तेलाचा हात. "आमच्यात दावतीआधी देग घासतात," चाचा म्हणाले. "पाहुण्यांना काळं बूड कसं दाखवायचं?"

खाली बसून मी फरशीवरचा काळा भुगा हातानं गोळा करायला लागले. त्यात अख्ख्या वर्कशॉपचा लोखंडाचा कीस मिसळलेला. त्यातून काजळी वेगळी काढणार कशी, कपाळ! नोकरी जाईल, व्हिसा जाईल, हे नंतर सुचलं. तेव्हा एकच कळत होतं, त्या उपाशी लोकांचं उरलंसुरलं आम्ही पुसून टाकलंय आणि आता डोकं आपटलं तरी ते परत येणार नाही.

बाईंनी बुडाखाली हात फिरवला. बोटांना नुसतं तेल लागलं. त्या घळाघळा रडायला लागल्या.

चाचांना वाटलं, बाई आनंदानं रडतायत. मला म्हणाले, "सांग त्यांना, खुशीनं केलंय. याचे पैसे बिलात लावायचे नाहीत."

"काय म्हणतायत ते?" बाईंनी विचारलं. मी इंग्रजीत सगळं सांगितलं. दावत, पाहुणे, देग घासायची रीत. त्यांनी बोटांवरचं तेल रुमालाला पुसलं. मग हळूच म्हणाल्या, "त्यांना कळू देऊ नका."

चाचा अजून भेटले की विचारतात, बाईंना आवडलं ना? मी हो म्हणते.