केर आणि केरे

माझ्या सासूबाई इरम्मा, मी त्यांना आत्याबाई म्हणते, कर्नाटकातल्या आळंदकडच्या. लग्न होऊन नळदुर्गात आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. मराठी फर्डं बोलतात, भांडतात तर मराठीतच. पण घाबरल्या की तोंडातून कन्नड निघतं. मी ईट गावची, मला कन्नडातलं 'ऊटा' म्हणजे जेवण एवढंच कळतं.

परसबाग म्हणजे त्यांचं राज्य. शेवगा, कढीपत्ता, भोपळ्याचा वेल आणि खाली साचणारा पाला. तो सुनेनं झाडावा हे रोजचं पालुपद. उठल्यापासून केर, केर, केर. माझे कान किटले होते. उंदरांमागं बागेत सापही येतात. गल्ली काठी शोधते. आत्याबाई कमरेवर हात ठेवून लांबून निरखतात. अंगावर साखळी दिसली की घोणस, फणा काढला की नाग, मग सर्पमित्राला फोन. बाकीच्यांना वाट मोकळी.

त्या सकाळी मी वेलाखाली उभी होते. आत्याबाई दारातून ओरडल्या, "केरे! केरे!"

दिसतोय की केर, असं मनात म्हणत मी रागारागानं दोन्ही हातांनी पाला कवेत घेतला. पाला सळसळला. मनगटाला कडकडून चावून काहीतरी पिवळसर, लांबलचक शेवग्याकडे पळालं.

माझ्या नवऱ्यानं, बसवेशनं, आम्हा दोघींना गाडीत घालून थेट दवाखाना गाठला. साप कसला होता, डॉक्टर विचारत होते. आत्याबाई रडत एकच सांगत होत्या, केरे. मराठी नाव त्यांना काही केल्या आठवेना. एवढ्या रडतायत म्हणजे केरे जहरीच असणार, असं मी धरून चालले. लेक डोळ्यांपुढं आली. आपण मरणार आणि तेही केर काढताना, याचा मला भयंकर राग आला.

सलाईन लावायला आलेल्या सिस्टर शांतम्मा थबकल्या. त्यांनी कन्नडात काहीतरी विचारलं. आत्याबाईंनी हात पसरून लांबी दाखवली. डोळे मोठे, डोकं निमुळतं, फणा नाही, साखळी नाही, सगळं खुणांनी सांगितलं.

शांतम्मा हसल्या. "डॉक्टर, केरे म्हंजे धामण. बिनविषारी हाय."

तरीही डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. रक्त नीट गोठतंय, घरी जा, म्हणाले तेव्हा इतकं हलकं वाटलं की मी तिथंच हमसून रडले.

घरी येऊन सवयीनं झाडू उचलला. आत्याबाईंनी तो हातातून काढून घेतला. आजपासून केर त्याच काढणार होत्या.

"कुठला? मराठी का कन्नड?" मी विचारलं.

त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. "माज्या शब्दानं गेली असतीस गं, महेश्वरी."

"त्याच शब्दानं निदान झालं की, आत्याबाई," मी म्हटलं, आणि झाडू त्यांच्याच हातात राहू दिला.