कोल बार्जचा ड्रमर

गजाकाका आज सकाळी गेला.

शिरोड्यात बहुतेकांना तो काजूची कलमं बांधणारा म्हातारा म्हणूनच माहीत. हा माणूस इंग्लंडमध्ये एका बँडचा ड्रमर होता, असं सांगितलं की लोक हसतात.

हसू नका. रेकॉर्ड आहे माझ्याकडे.

तरुणपणी तो बोटीवर खलाशी म्हणून गेला. लंडनला पोटात दुखायला लागलं, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलमधून बाहेर आला तेव्हा बोट निघून गेलेली.

मग तिथेच एका लाँड्रीत कामाला लागला.

शेजारी पब होता. पबच्या माडीवर काही मुलं प्रॅक्टिस करायची. ऱ्हिदम अँड ब्लूज.

"म्हणजे काय रे काका?" मी लहानपणी विचारलं होतं.

"अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा गाणा गो. रडण्याचा, पण आयकताना पाय गप रवनत नाय."

एकदा त्यांचा ड्रमर आलाच नाही. काका जिन्यात उभा राहून ऐकत होता. वडिलांच्या दशावतारात लहानपणापासून पखवाज वाजवलेला. जाऊन सरळ ड्रमवर बसला.

काकाच्या गोष्टीत सगळे इंग्रज मालवणीच बोलायचे. गिटारवाला डेरेक म्हणे त्याला म्हणाला, "खंय होतंस रे इतके दिस?"

आणि गाणारा कॉलिन. तो गायला लागला की लोक बिअरचा ग्लास खाली ठेवायचे, असं काका सांगायचा.

बँडचं नाव कोल बार्ज. कोळशाच्या होड्या नदीतून जायच्या, त्यावरून.

आधी पब. मग हॉल. मग एका खटारा व्हॅनमधून गावोगाव. रेकॉर्ड निघाली, रेडिओवर लागली. जुन्या मालकाला भेटायला काका लाँड्रीत गेला होता, तेव्हा तिथल्या रेडिओवर त्याने स्वतःचे ड्रम ऐकले. मालकाला सांगितलं, हा मी. मालकाला खरं वाटलं नाही.

दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी कंपनीचा माणूस आला. म्हणाला, आता तुम्हाला अमेरिकेत पाठवू.

फक्त कव्हरवरच्या फोटोत पाचांपैकी चौघेच हवेत.

"माझा तोंड नको होता तेका," काका सांगायचा. हसत.

डेरेक म्हणाला, तर मग फोटोच नको. कॉलिन म्हणाला, एक फोटोच तर आहे, ड्रम तर तोच वाजवणार ना. शाळेपासूनचे मित्र दोघं. एकमेकांची कॉलर धरली.

काका ड्रमच्या मागे बसून बघत होता.

दुसऱ्या दिवशी तो प्रॅक्टिसला गेलाच नाही. खोली सोडली आणि मालवाहू बोटीवर चढला.

"मी मधसून गेलंय तर तेंचा जमात, असा वाटला माका."

नाही जमलं. नवा ड्रमर आला. काही महिने कसंबसं चाललं. मग एका कार्यक्रमात अर्ध्या गाण्यावर डेरेकने गिटार खाली ठेवली आणि तो स्टेजवरून उतरून गेला.

बँड संपला.

डेरेक आणि कॉलिन त्यानंतर कित्येक वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत.

काका घरी आला. लग्न केलं, कलमं बांधायला शिकला. दशावतारवाले बोलवायला यायचे, तर हा जाऊन प्रेक्षकांत बसायचा. काकी गेली, पण तिने नवऱ्याला वाजवताना एकदाही पाहिलं नाही.

गेल्या वर्षी मी इथेच त्या पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरचा फोटो टाकला होता. त्याखाली इंग्लंडच्या एका बाईंची कमेंट आली. गिटारवाले माझे बाबा. ते विचारतायत, तो ड्रमर अजून आहे का?

व्हिडिओ कॉल ठरला. त्यासाठी डेरेकने स्वतःहून कॉलिनला फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

स्क्रीनवर तीन म्हातारे. आधी गुडघे, मग हवा, मग कोण कोण गेलं.

मग कॉलिन म्हणाला, "तो फक्त एक फोटो होता रे. तुला वाईट वाटलं, तर तू सांगायचंस ना."

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच कळत नव्हतं.

मला वाटलं काका नेहमीसारखा हसेल.

तो हसला नाही.

"नोबडी आस्क्ड मी, कॉलिन."

डेरेकने डोळ्यांवर हात धरला. कॉलिनने चष्मा काढला आणि अगदी हळू सॉरी म्हणाला. काका म्हणाला, "इट्स ऑल राइट."

कॉल संपल्यावर मी चहा आणला. काका अंगणाकडे बघत होता.

"मी बँड वाचवूक गेलंय, असा सांगतंय ना गो सगळ्यांका? खोटा ता. माका लाज वाटली. तेंच्या समोर बसाक लाज वाटली."

"तुका कित्याक लाज, काका?"

"ता कळाक माका इतकी वर्षां लागली."

त्यानंतर तिघं अधूनमधून बोलायचे. डेरेक जुन्या गमती काढायचा, काका खो खो हसायचा. मी शेजारच्या खोलीतून ऐकायचे.

आज सकाळी काका चहा मागून बागेत गेला. मी कप घेऊन गेले, तर काजूखाली बसल्या जागीच शांत झालेला.

डेरेकच्या मुलीला कळवलं. स्मशानातून पुरुष मंडळी परत आली तेव्हा कॉलिनचा मेसेज आलेला होता.

"आम्हाला त्याच्याबद्दल चार ओळी लिहायच्या आहेत. रेकॉर्डवर आम्ही नुसतं 'गॅरी' छापलं होतं. त्याचं पूर्ण नाव काय होतं?"

रागावू की रडू, कळेना.

मग लिहिलं. स्पेलिंग दोनदा तपासून.

गजानन बाबी आसोलकर.

सांभाळून जा रे काका.